‘ब्रेक’ झाले म्हणजे नेमके काय झाले? : इंग्रजी शब्दाला योग्य जपानी शब्द निवडण्याची रीत

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून भाषांतरासाठी आलेल्या इंग्रजी अहवालात ‘द पार्ट ब्रोक’ असे तीन शब्दांचे वाक्य असते. हे काम नव्यानेच करू लागलेला भाषांतरकार कोशात ‘ब्रेक’ हा शब्द काढतो, तिथे त्याला कोवारेरु, ओरेरु, वारेरु, याबुरेरु, किरेरु अशी क्रियापदांची रांग दिसते, आणि त्यातले पहिले उचलून तो पुढच्या वाक्याकडे वळतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. मात्र ते वाचणाऱ्या जपानी अभियंत्याला तो भाग मोडला, फुटला, फाटला, तुटला की नुसताच बिघडला याचा पत्ता लागत नाही, आणि तेवढेच कळावे म्हणून तर तो अहवाल लिहिलेला असतो.

आता वरच्या वाक्यातली मराठी क्रियापदे पुन्हा एकदा पाहावीत. काठी मोडते, काच फुटते, कापड फाटते, दोरा तुटतो आणि यंत्र बिघडते. जपानीत काठीसाठी ओरेरु, काचेसाठी वारेरु, कापडासाठी याबुरेरु, दोऱ्यासाठी किरेरु आणि यंत्रासाठी कोवारेरु येते. इंग्रजीने जे एका पोत्यात कोंबले आहे, ते मराठीने आणि जपानीने मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांप्रमाणे वेगवेगळे ठेवले आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की दोन्ही डब्यांतल्या वाट्या बऱ्याच ठिकाणी जुळतात. म्हणून मराठी माणसाने इंग्रजीतून थेट जपानीत उडी न घेता मध्ये मराठीच्या पायरीवर क्षणभर थांबावे, असे माझे सांगणे आहे. ही पायरी काही ठिकाणी भक्कम आहे, काही ठिकाणी निसरडी आहे आणि काही ठिकाणी तर नाहीच. तेही पुढे ओघाने येईल.

या लेखात जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. काना, मात्रा असलेले स्वर एरवी ऱ्हस्व समजावेत आणि जिथे अवग्रह दिला आहे तिथे ते लांबवावेत. इकार आणि उकार मराठी शुद्धलेखनाच्या नियमाने न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ही बाब किरकोळ नाही, कारण ग्रीस किंवा गोंद लावण्याच्या क्रियेला जपानीत ‘तोफु’ म्हणतात आणि सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या पनीरासारख्या पदार्थाला ‘तोऽफु’. कार्यसूचनेत एक अवग्रह वाढला तर बेअरिंगवर काय थापावे असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल.

पुण्यात जपानी शिकणाऱ्याची वाट बहुधा ठरलेली असते. फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ किंवा घराजवळचा एखादा खासगी वर्ग, मग जुलै आणि डिसेंबर महिन्यांत होणारी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा, आणि एन-५ पासून एन-१ पर्यंतच्या पाच पायऱ्या. ही परीक्षा पूर्णपणे बहुपर्यायी आहे. तिच्यात निबंध नसतो, भाषांतर नसते आणि बोलण्याची चाचणीही नसते. समोर छापलेला शब्द ओळखणे एक, आणि कोऱ्या जागी स्वतः शब्द आणून ठेवणे दुसरे. त्यामुळे एन-२ चे प्रमाणपत्र हाती घेऊन कंपनीत रुजू झालेली हुशार मुले जपानी पत्र वाचून दाखवताना अडखळत नाहीत, पण इंग्रजी पत्राचे जपानी उत्तर लिहायची वेळ आली की ‘इश्यू’, ‘ऑर्डर’, ‘चेक’ अशा सोप्या शब्दांपाशी थबकतात.

दुसरी अडचण कोशांची आहे. इंग्रजी-जपानी कोश, ज्याला जपानीत ‘एइवा जितेन’ म्हणतात, तो मुळात इंग्रजी वाचणाऱ्या जपानी माणसासाठी रचलेला असतो. ‘ऑर्डर’ या नोंदीखाली त्याला चूमोन, मेइरेइ, जुन्जो, चित्सुजो एवढे शब्द दिले तरी पुरते, कारण त्यांतला फरक त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. आपल्याला नेमका तो फरकच हवा असतो, आणि तो सांगणे हे त्या कोशाचे काम नसल्यामुळे तो तिथे सापडत नाही. अशा कोशातली यादी हे उत्तर नव्हे, तर तपासणीसाठी समोर उभे केलेले उमेदवार आहेत, अशा दृष्टीने तिच्याकडे पाहावे.

शब्दाकडे जाण्यापूर्वी वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. क्रिया कोण करतो, ती कशावर घडते आणि त्या क्रियेनंतर काय बदलते? ‘वी हॅव्ह अॅन ऑर्डर’ या वाक्यात ऑर्डर आम्ही दिली आहे की आम्हाला मिळाली आहे, हे इंग्रजी सांगत नाही. जपानी व्यवहारात मात्र माल मागवणाऱ्याच्या बाजूने ती ‘हाच्चू’ असते आणि पुरवणाऱ्याच्या बाजूने ‘जुचू’. व्यवहार तोच, कागदही तोच, पण कोणत्या टेबलाकडून त्याच्याकडे पाहिले जाते यावर शब्द ठरतो. हॉटेलात जेवण मागवणाऱ्या माणसासाठी ‘चूमोन’ हा सर्वसाधारण शब्द पुरतो, आणि ग्राहकाच्या मागणीविषयी त्यालाच उद्देशून लिहिताना आदर म्हणून ‘गोचूमोन’ असे लिहितात. चाकण किंवा रांजणगावच्या खरेदी विभागात काम करणाऱ्याने हाच्चू आणि जुचू हे दोन शब्द टेबलावर चिकटवून ठेवले तरी हरकत नाही.

‘ऑर्डर’चे बाकीचे अर्थ मराठीच सोडवून देते. सैन्यातली ऑर्डर म्हणजे हुकूम, तो ‘मेइरेइ’. यादीतली ऑर्डर म्हणजे क्रम, तो ‘जुन्जो’. रांगेतली आपली पाळी असेल तर ‘जुन्बान’. समाजातली ऑर्डर म्हणजे सुव्यवस्था, ती ‘चित्सुजो’. इथे इंग्रजी शब्द बाजूला ठेवून ‘मी हे घरी आईला कसे सांगेन?’ असा प्रश्न स्वतःला विचारला की काम होते. आईला आपण ‘ऑर्डरप्रमाणे लावून ठेव’ असे क्वचितच म्हणतो; ‘ओळीने लाव’, ‘क्रमाने लाव’ असेच म्हणतो. व्यवहारातली आपली मराठी इंग्रजी शब्दांनी इतकी भरली आहे की ही कसोटी लावताना थोडी शिस्त लागते. ‘इंटरेस्ट’ म्हणजे काय, असे वर्गात विचारल्यावर ‘इंटरेस्टच’ असे उत्तर आलेले मी ऐकले आहे. व्याज, रस आणि हितसंबंध हे तीन शब्द एकदा आठवले की जपानी शब्द त्यांच्यामागोमाग येतात. कर्जावरचे व्याज म्हणजे ‘रिशि’ किंवा ‘रिसोकु’, व्याजाचा दर ‘किन्रि’, विषयातला रस ‘क्योऽमि’ आणि हितसंबंधांसाठी ‘रिगाइ’. मात्र हितसंबंधांचा संघर्ष या कायद्यातल्या कल्पनेला ‘रिएकि सोऽहान’ असा ठरलेला शब्द आहे आणि तिथे रिगाइ चालत नाही; जोडशब्द आला की सुटा शब्द विसरून अख्खा जोडशब्दच शोधावा, याचे हे एक उदाहरण.

मराठीची पायरी किती भक्कम असू शकते हे पाहायचे तर ‘राइस’ हा शब्द घ्यावा. शेतातली साळ म्हणजे ‘इने’, टरफलासकटचा दाणा ‘मोमि’, टरफल काढलेला तांदूळ ‘कोमे’ आणि ताटात वाढलेला भात ‘गोहान’. इंग्रजी माणसाला हे चार शब्द चार वेळा पाठ करावे लागतात, आपल्याला ते सांगितल्यासरशी कळतात. मावळात उभ्या पिकालाही भात म्हणतात एवढाच काय तो गोंधळ. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीच्या उपाहारगृहात बशीत येणाऱ्या भाताला जपानी लोक ‘राइसु’ म्हणतात, हा आणखी एक खण आहे. ‘कोल्ड’चेही तसेच. थंडी वाजते तेव्हा ‘सामुइ’, पाणी गार असते तेव्हा ‘त्सुमेताइ’, आणि सर्दी होते तेव्हा ‘काझे’. ‘राइट’ म्हणजे उजवा असेल तर ‘मिगि’, बरोबर असेल तर ‘तादाशिइ’ आणि हक्क असेल तर ‘केन्रि’.

आता निसरड्या जागा. ‘वेअर’ या क्रियापदासाठी मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात आणि चष्मा लावतात. जपानीतही एक क्रियापद सगळीकडे चालत नाही. पण तिथली वाटणी निराळी आहे. अंगावर घालायच्या कपड्यांसाठी ‘किरु’, कमरेखाली चढवायच्या विजारीपासून मोजे-बुटांपर्यंत ‘हाकु’, डोक्यावरच्या वस्तूंसाठी ‘काबुरु’, चष्म्यासाठी ‘काकेरु’, अंगठी आणि हातमोज्यांसाठी ‘हामेरु’. सदरा आणि पायमोजे आपण दोन्ही ‘घालतो’, जपानी माणूस मात्र त्यांसाठी दोन क्रियापदे वापरतो. इथे मराठी आपल्याला एवढेच बजावते की शब्द फुटणार आहे. तो कुठे फुटेल हे जपानीलाच विचारावे लागते.

आणि काही ठिकाणी मराठी आंधळीच असते. ‘डेव्हलपमेंट’साठी आपल्याकडे मुलाचा विकास, देशाचा विकास आणि कर्मचाऱ्यांचा विकास असे सगळीकडे एकाच शब्दावर भागवले जाते. जपानीत मुलाच्या वाढीला ‘हात्तात्सु’, देशाच्या किंवा अर्थव्यवस्थेच्या प्रगतीला ‘हात्तेन’, नवे उत्पादन किंवा सॉफ्टवेअर घडवण्याला ‘काइहात्सु’ आणि माणसे तयार करण्याला ‘इकुसेइ’ म्हणतात. हात्तात्सु आणि हात्तेन ही आपोआप घडणाऱ्या वाढीची नावे आहेत, काइहात्सु आणि इकुसेइ यांत कोणीतरी ती घडवत असतो, एवढा धागा धरला तर चुका निम्म्या होतात. ‘ब्रदर’साठी भाऊ हा शब्दही तसाच अपुरा आहे, कारण जपानीत थोरला ‘आनि’ आणि धाकटा ‘ओतोऽतो’ असे सांगितल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. मूळ मजकुरात वय दिलेले नसेल तर अंदाज न बांधता विचारावे. पाण्याचे तर विचारूच नये. ‘मिझु’ म्हणजे पाणी, पण ते तापले की मिझु राहतच नाही, ‘ओयु’ होते, आणि गरम या अर्थाचा ‘आत्सुइ’ हा शब्द मिझुला जोडला तर जपानी माणूस गालातल्या गालात हसतो.

तपासणी हा शब्दही याच आंधळ्या यादीतला आहे आणि त्याने मला चांगलेच शिकवले आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी मी यंत्रांच्या देखभालीच्या तक्त्यांचे भाषांतर करत होतो. तक्त्याच्या डोक्यावर इंग्रजीत ‘डेली चेक’ असे होते आणि खाली तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण, असाधारण आवाज अशा ओळी होत्या. चेक म्हणजे तपासणी, तपासणी म्हणजे ‘केन्सा’, असा हिशेब मनाशी करून मी सगळीकडे केन्सा लिहिले. जपानहून आलेल्या अभियंत्याने तक्ता पाहिला, दोन पाने उलटली, आणि तयार मालाच्या मोजमापांचे आकडे कुठे आहेत असे विचारले. त्याच्या दृष्टीने केन्सा म्हणजे वस्तू निकषाला उतरते की नाही याचा निवाडा; कारखान्यात आलेला कच्चा माल स्वीकारताना होते ती ‘उकेइरे केन्सा’, माल रवाना होण्यापूर्वी होते ती ‘शुक्का केन्सा’, आणि दवाखान्यात रक्त तपासतात तीही ‘केत्सुएकि केन्सा’. यंत्र ठीक चालले आहे ना, हे एकेक मुद्दा घेऊन पाहण्याला ‘तेन्केन’ म्हणतात, आणि रोजच्या अशा फेरीला ‘निचिजोऽ तेन्केन’ हा रुळलेला शब्द आहे. त्या दिवशी बावीस पाने दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून ‘चेक’ दिसला की मी आधी विचारतो की निवाडा आहे की फेरी आहे, की नुसती खात्री करायची आहे. नुसती खात्री असेल तर ‘काकुनिन’. बँकेचा चेक अर्थातच निराळा, तो ‘कोगित्ते’. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या दस्तऐवजांत ‘व्हेरिफिकेशन’ आणि ‘व्हॅलिडेशन’ ही जोडी येते तेव्हा तर स्वतःच्या बुद्धीवर अजिबात विसंबू नये, कारण जपानी औद्योगिक मानकांनी पहिल्यासाठी ‘केन्शोऽ’ आणि दुसऱ्यासाठी ‘दातोऽसेइ काकुनिन’ असे शब्द बांधून दिले आहेत.

उमेदवार निवडल्यावर त्यांची उलटतपासणी कशी करावी, हे ‘अॅप्लिकेशन’ या शब्दावर करून पाहू, कारण याच्याइतका बहुरूपी शब्द कार्यालयात दुसरा नाही. समजा, एकाच पत्रात व्हिसाचे अॅप्लिकेशन, नोकरीसाठी आलेली अॅप्लिकेशन्स, नव्या मानकाचे अॅप्लिकेशन, ग्रीसचे अॅप्लिकेशन आणि मोबाइलमधले अॅप्लिकेशन आले आहे. मराठीची पायरी अर्ज, अंमल, लावणे आणि अॅप असे चार खण करून देते. त्यांतले ‘लावणे’ आणि ‘अॅप’ लगेच सुटतात. ग्रीससाठी तोफु, रंगकामासाठी मात्र ‘तोसोऽ’, आणि अॅपसाठी ‘आपुरि’. नियम किंवा मानक लागू करण्याला ‘तेकियोऽ’ म्हणतात. मानकाऐवजी एखाद्या शोधाचा किंवा तंत्राचा दुसऱ्या क्षेत्रात उपयोग करून घेणे असा अर्थ असता तर ‘ओऽयोऽ’ आले असते. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, पण तेकियोऽ म्हणजे आहे ते जसेच्या तसे लागू करणे आणि ओऽयोऽ म्हणजे त्यात भर किंवा फेरफार करून वापरणे.

राहिला अर्ज, आणि खरी कसोटी इथे आहे, कारण मराठीत एकच अर्ज आहे आणि जपानीत तीन. ‘शिन्सेइ’, ‘मोऽशिकोमि’ आणि ‘ओऽबो’ हे तिन्ही शब्द घेऊन त्यांना आता उलट दिशेने, म्हणजे जपानी-जपानी कोशात पाहावे. अशा कोशाला ‘कोकुगो जितेन’ म्हणतात. कोऽजिएन या प्रसिद्ध कोशात अर्थ साधारणपणे जुन्याकडून नव्याकडे दिलेले असतात आणि दाइजिरिनमध्ये आजचा रूढ अर्थ आधी येतो, हे ठाऊक नसेल तर पहिला अर्थ वाचून फसगत होऊ शकते. कोश वाचल्यावर कळते की शिन्सेइमध्ये परवानगी किंवा मान्यता देणारी सरकारी किंवा अधिकृत संस्था समोर असते, मोऽशिकोमिमध्ये आपण एखाद्या वर्गात, सेवेत किंवा करारात सामील होण्याची इच्छा कळवतो, आणि ओऽबोमध्ये कोणीतरी आधी जाहीर आवाहन केलेले असते, त्याला आपण प्रतिसाद देतो. म्हणजे व्हिसासाठी शिन्सेइ, जाहिरात पाहून केलेल्या नोकरीच्या अर्जासाठी ओऽबो, आणि एखाद्या प्रशिक्षणवर्गात नाव घालण्यासाठी मोऽशिकोमि. फरक अर्ज करणाऱ्यात नाही, अर्ज ज्याच्याकडे जातो त्याच्यात आहे.

कोशाने समाधान झाले नाही तर ज्या दोन शब्दांत घोळ होतो ते शब्द आणि त्यापुढे फरक या अर्थाचा ‘चिगाइ’ हा शब्द शोधयंत्रात जपानी लिपीत लिहावा. जपानी माणसांनाही हे प्रश्न पडतात आणि त्यांनी त्यांची उत्तरे हौसेने लिहून ठेवलेली असतात. त्यानंतर शेजारचे शब्द पाहावेत. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने आधुनिक लिखित जपानीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह तयार केला आहे आणि ‘शोऽनागोन’ या साधनाने त्यात शोध घेता येतो. आपण निवडलेला शब्द आपल्या वाक्यातल्या नामाशेजारी तिथे वारंवार दिसत असेल तर तो घ्यावा. शब्द पुष्कळदा दिसतो पण आपल्या नामाशेजारी एकदाही नाही, असे झाले तर थांबावे. यंत्राच्या सुट्या भागांसाठी मात्र या सगळ्यापेक्षा चित्रांचा शोध बरा. जपानी शब्द टाकून आलेले चित्र आणि आपल्या हातातली वस्तू एकच आहे का, हे पाहायला दहा सेकंद लागतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोनाश विद्यापीठातील जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या मुक्त कोशप्रकल्पातली माहिती आज अनेक मोफत संकेतस्थळे आणि मोबाइल अॅप वापरतात. तीन अॅपांत एकच उत्तर मिळाले म्हणून तीन साक्षीदार मिळाले असे होत नाही. पुष्कळदा एकच साक्षीदार तीन वेळा कपडे बदलून आलेला असतो. यंत्रभाषांतराचेही असेच आहे. त्याला सुटा शब्द दिला तर ते सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ समोर करते, पूर्ण परिच्छेद दिला तर बऱ्याचदा बरोबर शब्द देते. पण तोही उमेदवारच समजावा आणि त्यालाही कोकुगो जितेनच्या दारातून आत घ्यावे.

अर्थ जुळला तरी शब्दाचा थर जुळला पाहिजे. जपानीत देशी शब्द, चिनी मुळाक्षरांपासून घडवलेले शब्द आणि बाहेरून आलेले शब्द असे तीन थर आहेत, जसे आपल्याकडे ‘सुरुवात’, ‘प्रारंभ’ आणि ‘स्टार्ट’. खात्री करणे यासाठी ‘ताशिकामेरु’ बोलण्यात, ‘काकुनिन’ पत्रात आणि अहवालात, आणि ‘चेक्कु’ सहकाऱ्यांमधल्या घाईच्या बोलण्यात सहज बसतो. मेइजि काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत, पाश्चात्त्य विद्या आणि कायदे आत्मसात करताना जपानी विद्वानांनी मधल्या थरातले असंख्य शब्द घडवले किंवा जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले. शास्त्र, कायदा आणि प्रशासन यांतली प्रत्येक कल्पना त्यांनी स्वतंत्र नावाने बांधली, त्यामुळे औपचारिक लेखनात एका इंग्रजी शब्दाचे इतके बारीक तुकडे पडतात. हा थर कानाने नव्हे, डोळ्यांनी ओळखावा लागतो. ‘कोऽसेइ’ हा एकच उच्चार मापनयंत्र प्रमाणाशी जुळवण्याला आहे, छपाईपूर्वीच्या मुद्रितशोधनाला आहे, आणि वेगळ्या मुळाक्षरांनी लिहिला तर घटकांच्या मांडणीलाही आहे. म्हणून आपल्या वहीत शब्द केवळ उच्चाराने टिपू नये.

बाहेरून आलेल्या शब्दांचा थर दिसायला सर्वांत सोपा आणि वागायला सर्वांत खट्याळ. इंग्रजी शब्द जपानी उच्चारात म्हटला की काम झाले, हा मोह प्रत्येकाला होतो. ‘कोन्सेन्तो’ म्हणजे संमती नव्हे, भिंतीतला विजेचा सॉकेट, संमतीसाठी ‘दोऽइ’. ‘कुरेऽमु’ म्हटले की जपानी माणसाच्या कानी ग्राहकाची तक्रार पडते; विम्याचा दावा असेल तर ‘सेइक्यू’, आणि एखाद्याने केलेले प्रतिपादन असेल तर ‘शुचोऽ’. नुसते ‘हान्दोरु’ म्हटले तर ते मोटारीचे स्टीअरिंग होते. सर्वांत मजेशीर जोडी ‘वॉशर’ची आहे. नटाखाली बसवतात तो वायसर म्हणजे ‘वास्शाऽ’, त्याचे मानक नाव ‘झागाने’. आणि मोटारीच्या काचेवर पाणी उडवणारा तो ‘वोस्शाऽ’. मूळ शब्द एक, जपानीत आल्यावर दोन उच्चारांनी दोन संसार थाटले.

करारांच्या भाषांतरात शब्दाचे वयही पाहावे. मालातल्या किंवा कामातल्या दोषाला जुन्या करारांत ‘काशि’ हा शब्द सर्रास दिसतो, पण जपानचा सुधारित नागरी कायदा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला आणि त्या जबाबदारीला कराराशी न जुळणे या अर्थाचे ‘केइयाकु फुतेकिगोऽ’ हे नाव आले. ‘डिफेक्ट’साठी जुन्या करारातून शब्द उचलणाऱ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी. कारखान्यात तोच डिफेक्ट निकषाला न उतरलेल्या नगांसाठी ‘फुर्योऽ’, नीट न चालणाऱ्या गोष्टीसाठी ‘फुगुआइ’ आणि सुरक्षिततेला बाधा आणणाऱ्या मूळच्या दोषासाठी ‘केक्कान’ होतो. यांतला केक्कान हा शब्द जड आहे. तो पत्रात घालण्यापूर्वी वरिष्ठांना विचारावे, कारण त्यामागे भरपाईची चर्चा येऊ शकते.

या सगळ्यावर एक गोष्ट मात करते आणि ती म्हणजे ग्राहकाच्या घरातली रूढी. त्या कंपनीत वीस वर्षे एका भागाला जे नाव चालत आले आहे, ते कोशाच्या दृष्टीने चुकीचे असले तरी तेच लिहावे. काम स्वीकारतानाच जुनी भाषांतरे, रेखाचित्रे आणि शब्दसूची मागून घ्यावी. सूची नसेल तर आपण करावी, पण तिच्यात इंग्रजी शब्दासमोर जपानी शब्द एवढेच लिहून भागत नाही. ज्या वाक्यात तो वापरला ते वाक्य, आणि जो शब्द विचार करून नाकारला तो व त्याचे कारण, हेही टिपावे. सहा महिन्यांनी तोच इंग्रजी शब्द पुन्हा समोर येतो तेव्हा निवडलेल्या शब्दापेक्षा नाकारलेल्या शब्दाची नोंद जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आता ‘द पार्ट ब्रोक’ या वाक्याकडे परत जाऊ. कोश उघडण्याआधी कारखान्याला दोन ओळींचे पत्र पाठवून तो भाग कोणता आणि त्याचे छायाचित्र मिळेल का, असे विचारावे. तार असेल तर बोलण्यात किरेरु आणि अहवालात ‘दान्सेन’ लिहावे. बोल्ट असेल तर बोलण्यात ओरेरु, आणि त्याचे खरोखरच दोन तुकडे झाले असतील तर अहवालात ‘हादान’; नुसती चीर गेली असेल तर हादान नव्हे, ‘किरेत्सु’. शिवाय फुटणे आणि फोडणे यांत जसा फरक आहे तसाच वारेरु आणि वारु, ओरेरु आणि ओरु यांत आहे, म्हणून कोणी हाताने मोडले नसेल तर दुसरे रूप चुकूनही लिहू नये, नाहीतर अहवाल कामगारावर आरोप केल्यासारखा वाचला जाईल. माझ्याकडे अलीकडे आलेल्या अशाच एका वाक्यामागचे छायाचित्र उघडले तेव्हा त्यात मोटारीच्या दारातली प्लास्टिकची क्लिप होती आणि तिचा अडकवायचा लहानसा आकडा मुळापासून गेला होता. अशा आकड्याला जपानी कारखान्यांत ‘त्सुमे’, म्हणजे नख, म्हणतात. वाक्य झाले ‘त्सुमे गा ओरेता’, आणि त्यावर जपानहून आलेल्या उत्तरात एकही प्रश्न नव्हता, फक्त नव्या क्लिपा कधी पोहोचतील त्याची तारीख होती.